ओळंबा आणि पाठीचा कणा

भिंत सरळ उभी आहे की नाही, याचा निवाडा गवंडी ओळंब्याने करतो. माल पुरा भरला की नाही, याचा निवाडा काटा करतो. आपल्या तराजूत गुंजभर पासंग राहिला तरी तो आपल्या नजरेतून सुटत नाही. परंतु ज्या देहाच्या आधारावर हा सारा व्यवहार चालतो, त्या देहाचा ओळंबा ढळला आहे काय, हे पाहण्याची तसदी आपण व्यापारी क्वचितच घेतो. आम्ही वैद्य नव्हे; धान्याचा घाऊक व्यापार करणारे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले गृहस्थ आहोत. तथापि डॉक्टर मंडळी जे शब्द चिठ्ठीवर लिहून देतात त्यांचा अर्थ घरोघर समजला, तर पुष्कळ भय कमी होईल आणि पुष्कळ हयगयही टळेल, अशा समजुतीने हा लेख सादर करीत आहोत.

मनुष्याच्या पाठीच्या कण्यात जन्मतः ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्यांखाली पुढे एकजीव होणारे त्रिकास्थीचे ५ आणि सर्वांत शेवटी माकडहाडाचे साधारणतः ४, अशी ही मांडणी आहे. कणा सरळ काठीसारखा असावा, ही समजूत मात्र चुकीची आहे. मागून पाहता तो सरळ दिसावा. पण बाजूने पाहता त्यास मानेत व कमरेत पुढे, तर छातीच्या मागे मागील बाजूस, असा नैसर्गिक बाक असतोच. तान्ह्या मुलाचा कणा एकाच कमानीचा असतो. मूल मान धरू लागले म्हणजे मानेचा बाक आकारास येतो, आणि बसू-उभे राहू लागले म्हणजे कमरेचा. हे बाक गाडीच्या कमानींप्रमाणे धक्के सोसतात. म्हणून बाक असणे हा दोष नव्हे. तो प्रमाणाबाहेर जाणे हा दोष होय.

हे प्रमाण पाहण्यासाठी डॉक्टरही ओळंबाच वापरतात. मनुष्यास बाजूने पाहिले असता तो दोरा कानाच्या पाळीपासून खांद्याच्या मध्यावरून, कमरेच्या सांध्यावरून, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून आणि घोट्याच्या किंचित पुढे उतरावा. श्रवणबेळगोळची सुमारे ५७ फूट उंचीची बाहुबलींची मूर्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. कायोत्सर्गात दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन, खांदे सैल सोडून उभे राहणे म्हणजे काय, हे तेथे डोळ्यांनी समजते.

आता शब्दांकडे वळू. छातीमागचा बाक अधिक वाढून पाठ कुबडी दिसू लागली, म्हणजे त्यास ‘कायफोसिस’ म्हणतात. कमरेचा बाक अधिक आत गेला, म्हणजे ‘लॉर्डोसिस’ हा शब्द वापरतात. कणा मागून पाहता डाव्या वा उजव्या अंगास वळला व मणके स्वतःभोवती थोडे फिरले, म्हणजे ‘स्कोलिओसिस’. हे तिन्ही शब्द मूळ ग्रीक भाषेतील आहेत. पहिले दोन शब्द नैसर्गिक बाकासही लावतात; म्हणून अहवालात ते दिसताच घाबरून जाऊ नये, तर ‘प्रमाणात आहे की अधिक’ असे विचारावे.

पेढीवरील आपली बैठक पाहा. पूर्वी दिवाणजी मांडी घालून, उतरत्या मेजावर वही ठेवून कीर्द-खतावणी लिहीत. आज गादी गेली, खुर्ची आली. वही गेली, संगणक आला. आणि उरलेला वेळ मोबाइलकडे मान घालण्यात जातो. मनुष्याचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते खांद्यांच्या रेषेपुढे झुकले, की मागच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरावे लागते. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाचेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकत्यांवरील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना पुढे वाकून बसण्यात तो अधिक भरला. शिवाय दोंद हे आपल्यात भरभराटीचे लक्षण मानले जाते. पण दोंद पुढे ओढते, कटिभाग पुढे कलतो आणि कमरेचा बाक वाढू शकतो. सवयीने आलेला हा ढळलेपणा बहुधा सुधारण्याजोगा असतो. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालणे, पडदा डोळ्यांच्या पातळीस आणणे व पाठीच्या-पोटाच्या स्नायूंचा नित्य व्यायाम, एवढ्याने पुष्कळ साधते.

आपल्या पाठीबरोबर हमालाच्या पाठीचाही विचार झाला पाहिजे. आमच्या उमेदवारीच्या काळात शंभर किलोचे पोते एका माणसाच्या पाठीवर चढत असे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याचे प्रमाण ५५ किलोपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस केली. आज ५० किलोचे पोते सर्वत्र रूढ झाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही थप्पी उंच रचण्याची घाई, निसरडी फळी आणि कमरेतून वाकून उचल घेण्याची सवय हे धोके कायम आहेत. गुडघ्यांत वाकून, पोते अंगालगत धरून उचलावे, हे शिकविण्यास काहीच खर्च येत नाही. ज्याच्या पाठीवर आपला माल चालतो, त्याची पाठ हा आपल्या हिशेबातील खर्च नव्हे, भांडवल आहे.

यापुढील गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आमच्या परिचयातील एका सधन कुटुंबात मुलीचा एक खांदा उंच दिसू लागला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. ‘सोयरीक जमण्यास अडचण येईल’ म्हणून घरच्यांनी चार वर्षे डॉक्टर गाठला नाही. तोवर वाढ संपत आली, पट्ट्याच्या उपचाराची वेळ निघून गेली आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरले नाही. स्कोलिओसिसचा वयात येतानाचा प्रकार दप्तराने किंवा वाकडे बसण्याने होत नाही. त्याचे नेमके कारण बहुधा सापडत नाही, आणि वाक वाढण्याचा धोका मुलींत अधिक असतो. क्ष-किरण चित्रावर तो अंशांत मोजतात. १० अंश वा अधिक असल्यास त्यास हे नाव देतात. वाढीच्या वयात मध्यम वाक असता पट्टा उपयोगी पडतो. अमेरिका व कॅनडातील पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा, तर न वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्के मुलांचा वाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. परीक्षा सोपी आहे. मुलाने पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकावे. मागून पाहता पाठीची एक बाजू उंचवटलेली दिसली, तर तज्ज्ञाकडे न्यावे. लपविलेला वाक लग्नानंतर सरळ होत नाही. वेळेवर दाखविलेला वाक पुष्कळदा आटोक्यात राहतो.

लहान मुलांच्या पायांविषयी मात्र फाजील चिंता नको. गुडघे बाहेर वळले तर ‘जेनू व्हेरम’ आणि आत भिडले तर ‘जेनू व्हॅल्गम’ असे म्हणतात. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्याकृती, तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे भिडलेले आणि सातव्या वर्षाच्या आसपास सरळ, हा बहुतेक मुलांचा क्रमच आहे. सपाट तळवाही लहानपणी स्वाभाविक असतो. परंतु वाक एकाच पायात असेल, वाढत असेल, वा मुडदुसाची शंका असेल, तर विलंब करू नये. तसेच वृद्ध स्त्रियांची उंची घटून पाठ वाकू लागली, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडू नये. हाडे ठिसूळ होऊन मणके दबल्याने असे होते, आणि त्यावर औषध आहे. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, पायांत बधिरता किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे असतील, तर व्यायामाचा प्रश्नच नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे. कण्याचा क्षयही आपल्या देशात आढळतो.

आमची सभासद बंधुभगिनींस एवढीच विनंती आहे की, दिवाळीत वह्या बदलताना जशी मालाची मोजदाद होते, तशी घरातील दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या पाठीची पाहणीही वर्षातून एकदा व्हावी. संघाच्या वार्षिक मेळाव्यात एखाद्या अस्थितज्ज्ञास पाचारण करून मुलांची व हमाल बांधवांची तपासणी ठेवता आली, तर तो खर्च सत्कारणी लागेल. दुकानातील तूट पुढच्या हंगामात भरून निघते. वाढीची वर्षे मात्र एकदाच येतात.