बारावीनंतर ‘ग्लोबल स्टडीज’: दिघीतल्या विद्यार्थ्यांना या पदवीचा उपयोग काय?

दिघीपासून चाकण फार लांब नाही. तिथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. तळेगावात कोरियाची ह्युंदाई आहे. परदेशात आयातशुल्क वाढलं किंवा सुट्या भागांची जहाजं अडकली, तर इथला ओव्हरटाइम बंद होऊ शकतो. जगाशी असलेलं हे नातं शिकवणारा विषय म्हणजे ग्लोबल स्टडीज.

यात काय शिकवतात?
राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि पर्यावरण यांची सांगड घालतात. ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ या विषयात मुख्य भर देशादेशांतल्या व्यवहारांवर असतो. इथे कंपन्या, कामगार, स्थलांतर, हवामानबदल हेही तितकेच महत्त्वाचे.

कुठे शिकता येतं?
बहुतेक ठिकाणी नाव थोडं वेगळं असतं. पुण्याजवळ लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठात ‘इंटरनॅशनल स्टडीज’ आहे, तर हरियाणात सोनीपतच्या जिंदाल विद्यापीठात ‘ग्लोबल अफेअर्स’. दोन्ही विद्यापीठं खासगी आहेत आणि फी लाखांत जाते.

फी परवडत नसेल तर?
साध्या बीएला राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घ्या आणि जोडीला परकीय भाषा शिका. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जर्मन, फ्रेंच, जपानीचे कोर्स वर्षानुवर्षं चालतात. परराष्ट्र सेवेत जायचं असेल, तर यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते.

प्रवेशाआधी काय पाहावं?
अभ्यासक्रमात परकीय भाषा, संख्याशास्त्र आणि इंटर्नशिप आहे का, ते तपासा. हे तिन्ही नसेल, तर केवळ ‘ग्लोबल’ या नावासाठी कर्ज काढू नका.