चार भिंतींतले बंदर

मी स्थलचित्रे रंगवणारा माणूस. बाणगंगेच्या पायऱ्यांवर नाही तर ससून डॉकच्या धक्क्यावर बसल्याशिवाय माझा कुंचला हलत नसे. २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली आणि मी गिरगावातल्या दोन खोल्यांत अडकलो. महिन्याभरात रंग संपले, दुकाने बंद. कोरा कागद पाहिला की धडकी भरे. आपल्यातला चित्रकार संपला की काय?

"अहो, नुसत्या येरझारा काय घालता? ही रद्दी तरी आवरा!" सौभाग्यवतींनी जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा पुढ्यात टाकला.

तेव्हा आठवला आंरी मातिस. १९४१ मधल्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हा फ्रेंच चित्रकार बराचसा खाटेला नि चाकाच्या खुर्चीला जखडला. मदतनीस कागद रंगवून देत. तो कात्रीने आकार कापी आणि भिंतीवर टाचवून घेई. १९४७ चा ‘जाझ’ हा संग्रह त्याच कात्रीतून उतरला.

मीही कात्री उचलली. पहिली होडी वेडीवाकडीच झाली. पण कात्रीला खोडणे ठाऊक नाही, तेव्हा कडा आधी मनात ठरवू लागलो. जूनपर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीवर अख्खे ससून डॉक उभे राहिले.

"मासळीचा वास नाही, एवढं बरं!" सौ. म्हणाल्या.

आता पुन्हा धक्क्यावर जातो. रंगही मुबलक आहेत. पण पिशवीत कात्री असतेच.