जीभ दातांत धर

सकाळचे सव्वासहा. मोमीनपुऱ्यातल्या या खोलीत कुरआन शिकवणाऱ्या आपा सगळ्यात आधी कूलर बंद करतात. मे महिन्यात, नागपुरात. पण त्याची घरघर फोनमधून पलीकडे पोचते आणि अर्धे हर्फ गिळून टाकते, तेव्हा इलाज नाही.

फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला आहे. पडद्यावर टोरंटो, तिथे अजून कालची रात्र, पावणेनऊ. आठ वर्षांचा मुलगा, टोपी जराशी तिरकी. शेजारी आईचं फक्त कोपर दिसतं. आई याच मोहल्ल्यातली. मी भिंतीशी बसले आहे, गप्प राहण्याच्या अटीवर.

आज सूरह कौसर. तीनच आयती, कुरआनातली सगळ्यात लहान सूरह. मुलगा पहिली आयत म्हणतो आणि आपांची मान समाधानानं हलते.

"पाहा ताई," त्या माझ्याकडे झुकून कुजबुजतात, "'कौसर'मधला 'से'. आमची इथली पोट्टी इथंच अडकतात. उर्दू बोलताना से, सीन, साद, तिन्हींचा 'स'च होते ना! याची जीभ आपोआप दातांत जाते. इंग्रजीची मेहेरबानी."

खरंच की. 'थिंक' म्हणणाऱ्या पोराला हा उच्चार फुकट मिळालेला आहे. पण दुसऱ्या आयतीचा शेवटचा शब्द इंग्रजीची सगळी वसुली करून घेतो. त्यात 'बडी हे' आहे, ती घशाच्या मधोमधून यायला हवी. याची नुसतीच श्वासासारखी निसटते. आणि पाठोपाठचा 'र' कॅनडाचा, गोल गुंडाळलेला.

आपा स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवतात. "हल्क से, बेटा. चश्मा पोंछने से पहले काँच पर भाप कैसे छोड़ते हैं?"

मुलगा फोनवरच 'हा' करतो. पडदा धुरकट होतो, टोपी दिसेनाशी होते. कोपराला हसू फुटतं. आपा हसत नाहीत. त्या ऐकत असतात. "फिर से." पाच वेळा, सहा वेळा. सातव्यांदा काहीतरी खरखरतं आणि आपा डोळे मिटतात.

याआधी दोन ठिकाणी शिकवण्या झाल्या, आईनं सांगितलं होतं. एका ऑनलाइन वर्गात दहा मुलं, सगळ्यांचे माइक बंद. चूक ऐकणार कोण?

आपांच्या रेहलवर दोन कुरआन आहेत. एक जुना, भारतीय वळणाचा. त्यात 'फी'सारख्या शब्दातल्या दीर्घ 'ये'वरही जज्मची खूण असते. दुसरा मदिन्याच्या छपाईचा, पानाला पंधरा ओळी, 604 पानं. त्यात त्या जागी काहीच खूण नसते. मुलाकडे हा दुसरा. पहिल्या महिन्यात आपा म्हणायच्या "जज्म देखो" आणि तो बिचारा पानभर शोधत बसायचा. दुसरी कुणी असती तर तिनं पोराला प्रत बदलायला लावली असती. आपांनी स्वतः मदिन्याची प्रत आणली आणि अडुसष्टाव्या वर्षी तिच्यावर बोट फिरवायला शिकल्या. चांगली उस्तानी कशी ओळखायची असं मला कुणी विचारलं, तर मी सनद बघणार नाही, हे बोट बघेन.

उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची ही वस्ती. परमुलखात पोरांना शिकवायचं कुणी, हा प्रश्न इथल्या गल्ल्यांना नवा नाही.

"कौसर मीन्स व्हॉट?" मुलगा विचारतो.

आपा फळीवरून एक झिजलेलं पुस्तक काढतात: मौलाना अब्दुल करीम पारेख यांचं 'लुगातुल कुरआन'. पारेख याच शहरातले, लाकडाचे व्यापारी. साध्या माणसाला अर्थ लागावा म्हणून त्यांनी हा शब्दकोश केला. 2001 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. अर्थ आपांना पाठ असणार, तरी त्या पान उघडून फोनपुढे धरतात. "बहुत सारा. इतना, के खत्म न हो."

"लाइक स्नो?"

आपा क्षणभर विचार करतात. "हाँ. चलेगा."

पावणेसात. गल्लीतली पोरं प्लास्टिकच्या पिशव्यांत 'नूरानी कायदा' हे हर्फ शिकायचं पुस्तक घेऊन आत घुसतात, फोनभोवती गोळा होतात. एक मोठी मुलगी ऐटीत 'कौसर' म्हणून दाखवते. टोरंटोचा मुलगा मान हलवतो, नाही. जीभ दातांत धरून कॅमेऱ्याला चिकटतो. इकडे चटईवर सहा-सात जिभा बाहेर येतात, थुंकी उडते, कुणीतरी खिदळतं.

ओढणीनं मान पुसत आपा कूलर लावायला उठतात. बटणापाशी हात थांबतो.

"एक बार और."