पेरलेलं प्रदर्शन

प्रदर्शन संपलं की दालन पाडायचं, हा जगभरचा शिरस्ता. दिल्लीत राज रेवल यांनी उभारलेला १९७२ सालचा ‘हॉल ऑफ नेशन्स’ बराच काळ टिकला, पण २०१७ मध्ये तोही पाडला गेला. ओसाकाच्या १९७० च्या जागतिक प्रदर्शनातलं सान्यो कंपनीचं दालन मात्र नशीबवान. त्याचा सांगाडा समुद्रापार व्हँकुव्हरला गेला आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आशियाई केंद्रात कामी आला.

प्रदर्शनानंतर दालनाचं काय करायचं, हा प्रश्न बारामतीत निराळ्या रीतीने सुटला आहे. अप्पासाहेब पवारांनी घडवलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरीच्या विद्यापीठाशी संलग्न कृषी महाविद्यालय इथे शारदानगरला आहेत. तिथे जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ या शेती प्रदर्शनाचा जीव मांडवापेक्षा शेतात जास्त. स्टॉल उठतात, पिकं उभीच राहतात.

थक्क करतं ते उलटं वेळापत्रक. जानेवारीत कोबीचा गड्डा भरलेला दिसायचा, तर रोप ऑक्टोबरात लावायला हवं आणि बी सप्टेंबरातच टाकायला हवं. टोमॅटो लागणीनंतर सव्वादोन-अडीच महिन्यांनी तोडणीला येतो. नोव्हेंबरात पेरलेला गहू तोवर जेमतेम निसवतो. ऊस तर कुणाचंच ऐकत नाही! जुलैत लावलेला आडसाली सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो; म्हणजे पाहुण्यांना पक्व ऊस दाखवायचा, तर लागण दीड वर्ष आधीची. मधे अवकाळी पाऊस आला, ढगाळ हवेने करपा पडला, तरी तारीख पुढे जात नाही. पाटीवर वाणाचं नाव असतं. ते पीक त्या तारखेपर्यंत नेणारे पाणी धरणारे, खुरपणाऱ्या बाया यांचं कौतुक व्हायला हवं.

काळजी वेगळीच आहे. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटला ठिबक असतं, खात्रीचं पाणी असतं, तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतात. बारामती तालुक्यातल्याच सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात यातलं काय आहे? शेजारच्या इंदापूर तालुक्यातही एकीकडे उजनी धरणाचा फुगवटा आणि दुसरीकडे कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेली गावं. मातीतले सेन्सर, उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या मदतीने ऊस घेण्याचा बारामतीतला प्रयोग मोलाचा आहे. पण पाणी वाचवायचं, तर ते आधी शेतात पोचावं लागतं.

म्हणून प्रत्येक पाटीवर वाणाखाली आणखी तीन ओळी हव्यात: एकरी पाणी किती, खर्च किती, मजुरी किती. जानेवारीत शारदानगरला जाणाऱ्यांनी पीक डोळे भरून पाहावं, आणि हे तीन आकडे विचारल्याशिवाय परतू नये.