टँगो व वॉल्ट्झ गीतांतील मातृप्रतिमा

वात्सल्याला स्वतंत्र रसाचे स्थान देताना साहित्यदर्पणकार विश्वनाथाने वत्सलतारूप स्नेह हा त्याचा स्थायिभाव आणि पुत्रादी हे आलंबन मानले. अर्जेंटिनातील पारंपरिक टँगो-गीते या व्यवस्थेच्या प्रकाशात पाहिली असता एक लक्षणीय विपर्यय आढळतो. येथे बोलतो तो पुत्र. माता त्याच्या भावाचे आलंबन होते. त्यामुळे या गीतांचा विषय वात्सल्य असला, तरी त्यांचा प्रधान भाव पश्चात्तापाचा आहे.

या विपर्ययाला सामाजिक पार्श्वभूमी आहे. १९१४ च्या जनगणनेनुसार ब्वेनोस आइरेस शहराचे जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते आणि स्थलांतरितांत पुरुषांची संख्या अधिक होती. १९१७ मध्ये कार्लोस गार्देलने पास्कुआल कोन्तुर्सीचे ‘मी नोचे त्रिस्ते’ ध्वनिमुद्रित केले आणि टँगोला कथनात्म गीताचे रूप लाभले. प्रेयसीने केलेला त्याग हा त्या गीताचा विषय होता. पुढील गीतांत सोडून जाणाऱ्या या स्त्रीसमोर, कधीही न सोडणारी स्त्री म्हणून माता उभी राहते.

हा विरोध नैतिक निवाड्याचे साधनही बनतो. सेलेदोनिओ फ्लोरेसच्या ‘मार्गोत’मध्ये उंची उपाहारगृहांत रमणाऱ्या तरुणीला, चाळीत रॉकेलच्या दिव्याखाली राहून आठवडाभर इतरांचे कपडे धुणाऱ्या तिच्या आईची आठवण दिली जाते. आईचे कष्ट खरे आहेत. परंतु गीतात त्यांचे प्रयोजन मुलीला दोषी ठरविणे हे आहे. पुत्राच्या वाट्याला मात्र क्षमा येते. एन्रिके कादीकामो व हुआन कार्लोस कोबिआन यांच्या ‘ला कासिता दे मिस व्हिएहोस’मध्ये तारुण्य उधळून परतलेल्या मुलाला आजारी आई केवळ पाणावलेल्या डोळ्यांनी विलंबाचे कारण विचारते. तिच्या तोंडी एकही शब्द नाही. कन्येला उपालंभ आणि पुत्राला क्षमा, हा भेद या गीतपरंपरेची मर्यादा स्पष्ट करतो.

दोन रचना या चौकटीबाहेर जातात. गार्देल, पेतोरोसी व ले पेरा यांचे, १९३३ च्या ‘मेलोदिआ दे आर्राबाल’ चित्रपटातील ‘सिलेन्सिओ’ पहिल्या महायुद्धात पाच पुत्र गमावलेल्या वृद्धेचे आहे. तिच्या हाती पाच पदके उरतात आणि दुरून इतर मातांची अंगाईगीते ऐकू येतात. येथे अपराधी पुत्र नाही. प्रश्न राष्ट्राला विचारला गेला आहे. दुसरी रचना १९४१ चे ‘कासेरोन दे तेहास’ हे कातुलो कास्तियो व सेबास्तिआन पिआना यांचे वॉल्ट्झ. त्यात भाऊ बहिणीला बेल्ग्रानो भागातील कौलारू घर, पियानो व आजोबांची गोष्ट यांचे स्मरण देतो आणि शेवटी आईची हाक येते. वॉल्ट्झच्या त्रिमात्रिक, हिंदोळत्या लयीला हे सामायिक स्मरण अनुरूप आहे. पापक्षालनाची गरज तेथे उरत नाही.

मातेला पूजास्थान देणारे साहित्य तिला वाणी देतेच असे नाही. ‘सिलेन्सिओ’मधील वृद्धाही मौनच राहते, परंतु तेथे ते मौन कोणाचीही सुटका करीत नाही. मातृगौरवाच्या कोणत्याही परंपरेचे मूल्यमापन करताना, मातेच्या मौनाचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.