दलदलीचे मोल आणि अर्थतज्ज्ञाचे काम

चेन्नई : दक्षिण चेन्नईतील वेलचेरी हा भाग डिसेंबर २०१५ च्या पुरात पाण्याखाली गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा जलमय झाला. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा शेजार आणि २००७ मध्ये येथवर पोहोचलेली उन्नत रेल्वे यांमुळे हा सखल परिसर दाट वस्तीचा झाला. लगतची पळ्ळीकरणै पाणथळ मात्र आक्रसत गेली. तिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भूखंडाला बाजारभाव असतो, पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या दलदलीला नसतो. मग तिचे मोल कसे ठरवायचे? अर्थतज्ज्ञाचे काम येथे सुरू होते.

अर्थतज्ज्ञ म्हणजे शेअर बाजाराचे भाकीत करणारी व्यक्ती, हा समज अर्थसंकल्पाच्या दिवशीच्या चर्चांनी पक्का केला आहे. प्रत्यक्षात हे काम बरेचसे मोजणीचे आणि तुलनेचे असते. पूर येणाऱ्या व न येणाऱ्या गल्ल्यांतील घरभाड्यांत फरक किती, याचा शोध घेता येतो. मात्र तो फरक पुरामुळे की रेल्वे स्थानकाच्या अंतरामुळे, हे वेगळे करण्यास संख्याशास्त्र लागते. शिवाय रुपयांत मोजले की बंगल्याचे नुकसान झोपडीच्या नुकसानीहून मोठे दिसते. हा दोष लपवणारा अहवाल आकडे अचूक असूनही दिशाभूल करतो.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ केवळ पाणीपट्टीच्या वसुलीत मोजायचा नसतो, ही त्यामागील दृष्टी होती.

या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्यांचा मार्ग अनेकदा अकरावीतच अडतो. कला शाखेत गणित सोडणारे विद्यार्थी पुढे अर्थशास्त्रात रमतात. पण पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक नामांकित संस्था बारावी वा पदवी स्तरावरील गणित मागतात. कलनशास्त्र, संख्याशास्त्र व संगणकावरील माहिती-विश्लेषण यांची तयारी लवकर करणे हिताचे. वेलचेरीपासून जवळच मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि १९७१ मध्ये स्थापन झालेली मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज आहे. सरकारी सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा घेतो; तिला अर्थशास्त्र किंवा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवी लागते.

पुस्तकांत न सापडणारा भाग पाहणीचा. ‘पुरात किती नुकसान झाले?’ असे विचारले की माणसे भिजलेला फ्रिज आणि गादी सांगतात, बुडालेले रोज सांगत नाहीत. ‘किती दिवस कामावर जाता आले नाही?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे, आणि वेलचेरीत तमिळमध्ये, विचारावा लागतो.