जुनी गाडी, जाणती नजर (भाग 7) : तापली की थांबते

मागच्या भागात बॅटरी आणि अर्थिंग पाहिलं. या वेळचं दुखणं त्याहून चकवणारं आहे. गाडी घरून ठणठणीत निघते. विश्रांतवाडीहून जेल रोडने येरवड्यात येईपर्यंत कसलीही कुरबुर नाही. मे महिन्याची दुपार, पर्णकुटी चौकातला सिग्नल, आणि तिथे ती गप्प होते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण लागत नाही. मागे हॉर्न सुरू. दोघांनी धक्का मारून गाडी कडेला घ्यायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, की पहिल्याच सेल्फला लागते. गॅरेजात मात्र मिस्त्रीसमोर तासभर उभी राहते आणि एकदाही बंद पडत नाही.

मग बदलाबदली सुरू होते. आधी प्लग, मग कॉइल, मग कार्बोरेटरची सफाई. पैसे जातात, दुखणं राहतं. कारण तपासणी होते चालत्या गाडीची आणि दोष असतो बंद पडलेल्या गाडीत. रस्त्याकडेची ती दहा मिनिटंच निदानाची खरी वेळ.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचंच उदाहरण घेऊ. मूळची फियाट 1100, इंजिन 1089 सीसीचं, ना सेन्सर ना संगणक. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि 2023 मध्ये ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. तोवर या गाड्या उन्हात, पावसात, ट्रॅफिकमध्ये अखंड राबल्या. बंद पडलेल्या पद्मिनीचं बॉनेट उघडताना प्रश्न एकच असायचा : करंट नाही, की पेट्रोल नाही?

उत्तराचा अर्धा भाग बंद पडण्याच्या शेवटच्या पाच सेकंदांत असतो. चावी फिरवल्यासारखी गाडी एका क्षणात मेली, तर संशय करंटवर. आधी धक्के खाल्ले, मिसिंग मारलं, अॅक्सिलरेटर दाबूनही ओढ आली नाही आणि मग दम सोडला, तर बहुधा पेट्रोल कमी पडलं. मालकाने हे लक्षात ठेवून मिस्त्रीला सांगितलं, तर निम्मं काम तिथेच झालं.

उरलेला अर्धा भाग बॉनेटखाली. चावी बंद ठेवून एअर क्लीनरचं झाकण काढायचं, कार्बोरेटरच्या तोंडातून आत पाहायचं आणि हाताने अॅक्सिलरेटरची कडी ओढायची. पेट्रोलची बारीक धार उडाली, म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. मग झाकण परत बसवून, पेट्रोलचा वास विरल्यावरच करंट पाहायचा : डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून इन्सुलेशनच्या पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायची आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. ठिणगी निळी आणि टणटणीत हवी. पिवळट, अडखळती ठिणगी दिसली, किंवा दिसलीच नाही, तर शोध डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलकडे वळतो.

इथे बहुतेकदा सापडतो तो कंडेन्सर. अंगठ्याच्या पेराएवढी पत्र्याची डबी आणि तिला एक वायर, एवढाच त्याचा संसार. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह झटक्यात तुटावा लागतो. तसा तुटला तरच प्लगसाठी हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो झटका साधून देतो कंडेन्सर. तो कमजोर झाला की पॉइंटवरच ठिणगी उडते, पॉइंट काळे पडतात आणि प्लगला काही पोचत नाही. तापल्यावर आतला जोड सुटतो, निवल्यावर पुन्हा जुळतो. गाडी पंधरा मिनिटांनी ‘आपोआप’ बरी होते ती अशी. नवा कंडेन्सर टाकताना पॉइंटही घासून किंवा बदलून घ्यावेत, आणि त्यांचा गॅप अंदाजाने नव्हे, फीलर गेजने लावावा. जुन्या फियाटला तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी लागतो.

करंट ठीक आणि वाटी कोरडी, तर कथा वेगळी. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांनाच उकळू लागतात. पद्मिनीचा एसी पंप इंजिनच्या अंगावर बसलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे त्या नळीतला दाब कमी, आणि कमी दाबाला उकळणं आणखी सोपं. सिग्नलला गाडी थांबली की बॉनेटखालचा वारा थांबतो, नळीत वाफ धरते, पंप वाफेलाच हापसत राहतो. पंपावर ओला फडका टाकायची जुनी रीत यावरचीच. ती उतारा आहे, इलाज नव्हे. पंप आणि ब्लॉक यांच्यामधलं जाड फायबरचं पॅकिंग जागेवर आहे का, नळी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून जात नाही ना, हे पाहायला हवं. दुरुस्तीत कुणी ते पॅकिंग काढून पातळ कागदी पॅकिंग लावलं असेल, तर प्रत्येक उन्हाळा त्रासाचा जाणार.

एक तपासणी तर अगदी सोपी आहे. गाडी थांबताच टाकीचं झाकण सैल करावं. सूं करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लागली, तर हवेचं छिद्र बुजलं आहे. तसं नसेल तर टाकीतला गंज आणि तडकलेली रबरी नळी उरते. 2025 पासून देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलं जातं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला सोसत नाही. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीची टाकी म्हणूनच आधी रिकामी करून पाहावी, आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात.

दुरुस्ती उतरली की नाही, हे गॅरेजात कळत नाही. तीच दुपार, तोच जेल रोड. अर्धा तास चालवून पर्णकुटी चौकाच्या अलीकडे गाडी कडेला घ्यायची आणि दहा मिनिटं आयडलिंगला ठेवायची. ओला फडका सोबत असू द्यावा, पण पंपावर न टाकता.